बर्फाखालचे पाणी निर्जीव नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ध्रुवीय बर्फ वितळण्याच्या परिणामांवरील आपल्या दैनिकातील लेख मी लक्षपूर्वक वाचला. समुद्राची वाढती पातळी आणि पांढरी अस्वले यांविषयी त्यात सविस्तर लिहिले आहे, ते योग्यच आहे. परंतु बर्फाखालच्या पाण्याला लेखात ‘जवळजवळ निर्जीव’ म्हटले आहे, ते दुरुस्त व्हावे म्हणून हे पत्र.

पश्चिम अंटार्क्टिकातील व्हिलान्स सरोवरावर सुमारे 800 मीटर जाडीचा बर्फ आहे. जानेवारी 2013 मध्ये संशोधकांनी गरम पाण्याच्या झोताने त्यातून आरपार छिद्र पाडले, आणि हे पाणी आधी गाळून, अतिनील किरणांनी निर्जंतुक करून घेतले, कारण वरचे जिवाणू आत गेले असते तर पुढचा प्रत्येक निष्कर्ष संशयास्पद ठरला असता. (अंटार्क्टिकातीलच व्होस्टॉक सरोवराच्या बाबतीत नेमके हेच झाले, तिथे वेधनासाठी केरोसीन वापरले होते, त्यामुळे नमुन्यांतील जिवाणू सरोवरातले की केरोसीनबरोबर आलेले, हा वाद कायम राहिला.) व्हिलान्सच्या दर मिलिलिटर पाण्यात सुमारे 1 लाख 30 हजार पेशी आढळल्या आणि जनुकांच्या तपासणीत जिवाणू व आर्किया (जिवाणूंसारखेच, पण वेगळ्या वंशाचे एकपेशीय जीव) यांचे मिळून जवळजवळ 4 हजार प्रकार ओळखता आले. तिथे सूर्यप्रकाश पोहोचत नाही. यांतील बरेच प्रकार अमोनियम, मिथेन किंवा गंधक आणि लोह यांच्या संयुगांचे ऑक्सिडीकरण करून ऊर्जा मिळवतात.

ध्रुवांवरचे सगळे पाणी एकसारखे नसते, हेही लक्षात घ्यावे लागते. समुद्राचे पाणी गोठताना मीठ बाहेर ढकलले जाते आणि बर्फातच अतिखारट पाण्याच्या केसासारख्या बारीक वाटा तयार होतात. शून्याखालील तापमानातही पेशीचे आवरण लवचिक ठेवू शकणारे जिवाणू त्यांत वाढतात. अंटार्क्टिकातील टेलर हिमनदीच्या टोकाशी बाहेर पडणारे लोहयुक्त पाणी हवेशी संपर्क येताच तांबडे होते, आणि त्यातले जिवाणू पुन्हा निराळे. कायम बर्फाच्छादित सरोवरांच्या तळाशी सायनोबॅक्टेरियांचे, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंचे, जाड थर पसरलेले असतात.

यावर कोणी म्हणेल की सूक्ष्मजीव कुठेही पोहोचतात, एका जागचे गेले तर दुसरीकडे असतीलच. मला हा दिलासा खोटा वाटतो. दोन्ही ध्रुवांकडील महासागरांतील जिवाणूंची एकाच पद्धतीने केलेली तुलना 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. पृष्ठभागाच्या पाण्यात आढळलेल्या प्रकारांपैकी दक्षिण महासागरातले 78 टक्के आणि आर्क्टिक महासागरातले 70 टक्के प्रकार केवळ त्या त्या समुद्राचे होते. खोल पाण्यात हा फरक कमी होतो, परंतु बर्फ वितळण्याचा पहिला फटका बसतो तो पृष्ठभागालाच.

अशी हानी प्रत्यक्ष घडलेलीही आहे. कॅनडातील एल्समीर बेटावर, डिझरेली फियॉर्डच्या (डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीच्या) तोंडाशी वॉर्ड हंट नावाची तरंगत्या बर्फाची प्रचंड लादी बांधासारखी उभी होती. तिच्या मागे वितळलेले गोडे पाणी साचून समुद्राच्या खाऱ्या, जड पाण्यावर सुमारे 43 मीटर जाडीचा थर होऊन तरंगत होते. एकाच जागी वर गोड्या पाण्यातले आणि खाली खाऱ्या पाण्यातले जीव नांदत होते. 2000 ते 2002 या काळात ती लादी तडकली आणि गोडे पाणी समुद्रात वाहून गेले. लादीचे किती तुकडे झाले हे उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसते; त्या पाण्याबरोबर जे सूक्ष्मजीव गेले, ते कोणत्याही छायाचित्रात दिसत नाहीत.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे की, लेखमालेच्या पुढील भागात बर्फाच्या क्षेत्रफळाबरोबरच अशा जलाशयांचीही नोंद घ्यावी, आणि ‘निर्जीव’ या शब्दाबद्दल एक छोटी दुरुस्ती छापावी.

आपला नम्र,
एक नियमित वाचक