काजू बी पोत्यातच गाव सोडते

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

विकसनशील देशांची अर्थव्यवस्था कशाने वाढते, यावर आपल्या दैनिकात सध्या लेख येत आहेत. परकीय गुंतवणूक, रस्ते, तरुण लोकसंख्या हे मुद्दे पटतात. मी वेंगुर्ले तालुक्यातली काजू बागायतदार. घराशेजारी छोटा काजू कारखानाही चालवते. तिथून जे दिसतं ते लिहिते.

चार किलो बी फोडली की साधारण एक किलो गर मिळतो. वाळवणं, वाफवणं, फोडणं, सोलणं, प्रतवारी ही मधली सगळी कामं म्हणजे गावातल्या बायकांची मजुरी. बी पोत्यात भरून टेम्पोत चढली की ती मजुरीही गावाबाहेर जाते. व्हिएतनामने नेमकं हेच काम स्वतःकडे खेचून घेतलं. स्वतःची बी पुरत नाही, म्हणून ते आफ्रिकेतून, कंबोडियातून आणतात आणि तरी काजूगराच्या निर्यातीत जगात पहिले आहेत. एके काळी ती जागा भारताची होती. बेनिनसारख्या लहान देशानेही 2024 पासून कच्ची बी बाहेर पाठवायला बंदी केली.

आपल्याकडे सुरुवात चांगली झाली होती. 1990 च्या सुमारास रोजगार हमीतून फळबाग योजना आली आणि वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर काजूची कलमं उभी राहिली. आमच्या बागेतली वेंगुर्ला-4 या काजूच्या जातीची झाडं सासऱ्यांनी तेव्हाच लावलेली. लागवड झाली, पण कारखानदारी वीज आणि भांडवलापाशी अडली.

मागच्या एप्रिलमध्ये गर ड्रायरमध्ये असताना थ्री फेज लाइन गेली, ती पाच तास आली नाही. गर नीट तापला नाही तर वरची साल सुटत नाही. बायका सुरीने खरवडत बसल्या आणि अख्खा 240 नंबरचा गर त्यांच्या हातात पाकळी होत गेला, म्हणजे दोन फाकांत तुटत गेला. (240 म्हणजे एका पौंडात बसणारे गर, आकडा जितका लहान, तितका गर मोठा.) पाकळीला तो भाव मिळत नाही.

बी दोन-तीन महिन्यांत खरेदी करून ठेवावी लागते, गर मात्र वर्षभर विकायचा असतो. त्यासाठी बँकेत गेले. सातबाऱ्यावर सतरा नावं, निम्मे मुंबईला, दोघे हयात नाहीत आणि त्यांची वारसनोंद झालेली नाही. अर्ज तिथेच थांबला. कोकणात हे घरोघरचं दुखणं आहे. गेल्या वर्षी बी ऑगस्टमध्ये संपली आणि अकरा जणींना मी कामावर येऊ नका म्हणून सांगितलं. ते सांगताना फार जड गेलं.

गोदामात ठेवलेल्या मालावर कर्ज देणारी शेतमाल तारण योजना शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालापुरती आहे. लहान कारखानदाराने गावातून विकत घेतलेल्या बीलाही ती लागू व्हावी आणि मार्च ते मे थ्री फेज वीज अखंड मिळावी, एवढं आपण शासनापर्यंत पोहोचवावं ही विनंती.

आपली,
एक काजू बागायतदार
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग