प्राण्याचं नाव ओळीच्या शेवटी येऊ द्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात छोट्यांच्या पुस्तकांचे परिचय येतात, त्याबद्दल आभार. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी प्राण्यांवरची यमकी चित्रपुस्तकं निघतात, त्यांच्या परिचयात मात्र बहुधा दोनच गोष्टी असतात. चित्रं रंगीत आहेत, आणि गाणी सहज ओठांवर रुळणारी आहेत. ती खरंच रुळतात का, हे पुस्तक मोठ्यानं वाचल्याशिवाय कळत नाही. अशी पुस्तकं लिहिण्याच्या आणि तपासण्याच्या कामात असलेली आम्ही काही मंडळी हे पत्र एकाच मुद्द्यासाठी लिहीत आहोत. बहुतेक मराठी पुस्तकांत यमक चुकीच्या शब्दावर पडतं.

नमुन्यादाखल या दोन ओळी घ्या:

हत्ती डुलत येतो,
सोंडेत पाणी घेतो.

यमक जुळलंय, ताल आहे, वाचणाराही अडखळत नाही. पण दीड वर्षाच्या मुलानं या पानावरून उचलायचा शब्द आहे ‘हत्ती’, आणि तो ओळीच्या तोंडाशीच बोलून संपला. यमकाचा सगळा जोर गेला ‘घेतो’वर. शिवाय ‘येतो’ ऐकल्यावर पुढे घेतो, देतो, नेतो यांपैकी काहीही येऊ शकतं. चित्राकडे बघून मुलाला शेवटचा शब्द ओळखता येत नाही, म्हणून ते बोलत नाही. नुसतं ऐकतं.

असं होतं कारण मराठी वाक्याचा शेवट क्रियापदावर होतो. साधं वाक्य लिहिलं की यमक आपोआप क्रियापदाचं पडतं आणि ‘येतो–जातो’, ‘करते–धरते’ यांची माळ तयार होते. पद्यात मात्र शब्दांची जागा बदलायची मोकळीक आपल्या भाषेत भरपूर आहे. ती वापरली की तोच हत्ती असा येतो:

सोंडेत भरलं पाणी कित्ती,
शिंपडतो अंगावर… हत्ती!

आता वर्णन आधी, नाव शेवटी. ‘कित्ती’चा नाद कानात आहे, सोंड डोळ्यांसमोर आहे, आणि वाचणारा क्षणभर थांबला की मूल तो शब्द स्वतः पुरा करतं. हा नुसता आमचा अंदाज नाही. मानसशास्त्रज्ञ कर्स्टन रीड यांनी २ ते ४ वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कल्पित राक्षसांची नवी नावं यमकी गोष्टींतून तीन प्रकारे ऐकवली होती: यमकाबाहेर, कडव्याच्या पहिल्या ओळीतल्या यमकात, आणि आधी वर्णन सांगून मग शेवटच्या ओळीतल्या यमकात. तिसऱ्या प्रकारात मुलांच्या लक्षात सर्वांत जास्त नावं राहिली. आई-वडिलांनी वाचून दाखवलं तेव्हा त्यांतले बरेच जण त्या शब्दाआधी आपसूक थांबले, आणि त्यांच्या मुलांना या रचनेचा जास्त फायदा झाला.

नाव शेवटी घेण्याला मराठीत आणखी एक कारण आहे. आपल्याकडे प्रत्यय लागला की नावाचं रूपच बदलतं. ससा–सशाला, म्हैस–म्हशीचं, बेडूक–बेडकानं, उंदीर–उंदराची. मोठ्यांना हे एकच प्राणी वाटतात. नुकत्याच बोलू लागलेल्या मुलाला ‘ससा’ आणि ‘सशाला’ हे वेगळे आवाज आहेत. म्हणून पहिल्या पुस्तकात प्राणी मूळ रूपातच भेटावा. ओळीच्या शेवटी प्रत्यय न लागलेला कर्ता म्हणून आला की तो तसा भेटतोच.

आता पान कुठे उलटतं ते पाहा. समोरासमोरची दोन पानं म्हणजे एक जोडपान धरलं, तर उजव्या पानावर वर्णन आणि प्राण्याचा एखादाच भाग असावा. सोंडेचं टोक, चिखलातून वर आलेलं शिंग, गवतातून डोकावणारे दोन कान. पान उलटल्यावर डाव्या बाजूला अख्खा प्राणी आणि त्याचं नाव. त्याच्या समोर उजवीकडे पुढचं कोडं. या हिशोबानं आठ जोडपानांच्या पुस्तकात सात प्राणी बसतात, कारण पहिलं डावं पान आणि शेवटचं उजवं पान मोकळं राहतं. प्रकाशकाला सात कमी वाटतात, मग प्रत्येक पानावर एक प्राणी टाकून चौदा-सोळा बसवतात. तसं केलं की नाव ऐकण्याआधीच प्राणी दिसतो आणि ओळखायला काही उरत नाही. दीड-दोन वर्षांच्या मुलाला सात प्राणी पुरेसे आहेत. ते हेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागणार आहे.

पानाचं उलटणं तालातही धरता येतं:

चिखलात बसली ऐसपैस,
मोठी काळी… म्हैस!

पहिली ओळ टाळी देत म्हणून बघा: चिख, लात, बस, ली, ऐस, पैस. सहा ठोके. दुसरीत मो, ठी, का, ळी आणि म्हैस, असे पाचच. चौथ्या आणि शेवटच्या ठोक्यामधली मोकळी जागा पान उलटण्याची आहे. ती भरायला ‘बाई’ किंवा ‘बरं का’ घातलं की गंमत गेली.

ठोके मोजताना कागदावरच्या मात्रांवर विसंबू नये. ‘सोंडेत भरलं पाणी कित्ती’ याच्या कागदावर सतरा मात्रा होतात आणि ‘शिंपडतो अंगावर हत्ती’च्या सोळा. तोंडात मात्र दोन्हीकडे नेमके आठ ठोके पडतात, कारण ‘सोंडेत’मधला ‘त’ बोलताना ‘डे’ला चिकटतो, त्याला स्वतःचा वेळ लागत नाही. उलटही घडतं. मात्रा चोख जुळवलेली ओळ चालीत गायली तर बसते आणि साध्या वाचनात लंगडते. कवीच्या डोक्यात चाल असते, पुस्तक हातात घेणाऱ्या आजोबांच्या डोक्यात ती नसते. म्हणून छपाईआधी मजकूर कधीच न पाहिलेल्या तिघांना, कसलीही सूचना न देता, मोठ्यानं वाचायला द्यावा. लिहिणाऱ्यानं शेजारी गप्प बसून अडखळण्याच्या जागांवर खुणा कराव्यात. दोघं एकाच जागी अडखळले तर ती ओळ बदलायची. ‘असं म्हणायचं’ हे समजावून सांगावं लागलं तरी बदलायची.

यमकाच्या शब्दांची गरिबी मराठीत नाही. मोर–समोर, साप–आपोआप, खार–हुशार, गाय–पाय, ससा–कसा. ‘वाघ’ला ‘राग’ कानाला चालतो, बोलताना शेवटचा ‘घ’ नाहीतरी सैल पडतो. अट एवढीच, की पहिल्या ओळीतला जोडीदार शब्दही मुलाच्या ओळखीचा हवा. ‘झाडावर–गाडीवर’ याला आम्ही यमक धरत नाही. तिथे फक्त प्रत्यय जुळतो, आणि ‘वर’ कोणत्याही नामाला लागतो. काही प्राणी खरंच अवघड आहेत: कासव, अस्वल, हरीण. त्यांच्यासाठी ‘छान–महान’ची ठिगळं लावण्यापेक्षा त्यांना पुढच्या वयाच्या पुस्तकासाठी ठेवावं. बेडकाला दुसरी वाट आहे. नावाऐवजी आवाज शेवटी आणावा. ‘डराव’ला गाव, नाव, धाव असे सोपे सोबती आहेत आणि मुलाला ‘डराव’ म्हणायला ‘बेडूक’पेक्षा जास्त आवडतं.

आवाजावरून अनुवादित पुस्तकांकडे यावं लागतं, कारण सगळ्यात जास्त पडझड तिथे आहे. मराठीतली गाय हंबरते, ‘हम्मा’ करते. पुस्तकातली गाय ‘मू मू’ करताना दिसते. मूळ इंग्रजी पुस्तकात बकरी होडीत बसते ती ‘गोट’ आणि ‘बोट’ जुळतात म्हणून. मराठीत ते कारण उरत नाही, तरी चित्र तेच असतं आणि अनुवादकाला त्यावर यमक करायचं असतं. मग ‘होडी’ला ‘गोडी’ जुळवतात आणि चित्रात नसलेली गोडी ओळीत येऊन बसते. यावर उपाय दोन. चित्रात आणखी काय दिसतंय ते शोधून त्या गोष्टीवर नवी ओळ रचायची. अनुवादकाला तेवढा वेळ आणि मोकळीक करारातच मिळायला हवी. ते जमणार नसेल तर यमक सरळ सोडून तालातलं गद्य लिहायचं. ओढूनताणून आणलेल्या यमकापेक्षा स्वच्छ गद्य मुलाला जास्त देतं, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

झडपा, ओढायच्या पट्ट्या, उभी राहणारी चित्रं यांचा सोस आवरावा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० महिन्यांच्या मुलांना पुस्तकांतून नवी नावं शिकवली, तेव्हा अशा हलत्या भागांच्या पुस्तकातून शिकलेली नावं त्यांना इतरत्र कमी लागू करता आली. हात झडपेत गुंततो, कान मागे राहतो. आवाज काढणाऱ्या पुस्तकात बटणासारखी चपटी बॅटरी असेल, तर तिचं झाकण स्क्रूनं बंद आहे याची खात्री केल्याशिवाय ते मुलाच्या हाती देऊ नये. ती गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत गंभीर भाजतं.

घरी वाचणाऱ्यांसाठी थोडं. शेवटच्या शब्दाआधी मनात ‘एक, दोन’ म्हणण्याइतकं थांबा आणि मुलाच्या तोंडाकडे बघा. पहिले अनेक दिवस काहीच येणार नाही. तेव्हा शब्द तुम्हीच म्हणा आणि पुढे चला. मग कधीतरी ‘अत्ती’ येईल, ‘मैस’ येईल. ‘असं नाही, म्हैस म्हण’ असं न म्हणता आनंदानं ‘हो, म्हैस!’ म्हणा, मुलाला नीट शब्द ऐकू जातो आणि खेळ मोडत नाही. ओळीच्या मध्येच ‘हे काय आहे? याचा रंग कुठला?’ अशी चौकशी करू नका. गप्पा पान संपल्यावर भरपूर मारा.

आपल्याला विनंती अशी, की तीन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या यमकी पुस्तकाचा परिचय लिहिणाऱ्याला ते आधी एकदा मोठ्यानं वाचायला सांगावं. परिचयात निदान एका प्राण्याच्या ओळी, पान जिथे उलटतं ती जागा दाखवून, छापाव्यात. अनुवाद असेल तर चित्रकाराइतक्याच ठळकपणे अनुवादकाचंही नाव द्यावं. ओळी समोर असल्या की पुस्तक घ्यायचं की नाही, हे आई-वडील स्वतः म्हणून बघून ठरवतील.

आपले नम्र,
बालपुस्तकांच्या लेखन-संपादनाचं काम करणारे काही वाचक