शेवंता, माई आणि लावसट

सदाशिव पेठ, पुणे
२१ ऑगस्ट

प्रिय मीनल,

‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचं नाव काढलं की मी एवढी का तापते, असं तू परवा विचारलंस. फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. तू कुडाळची, मालिकेतला आकेरीचा तो वाडा तुझ्या येण्याजाण्यातला. इथे पुण्यात २०१९ साली दुसरा भाग लागला आणि घरोघरी अण्णा नाईक नि त्यांनी ठेवलेली शेवंता झालं. शेजारच्या काकू उशिरा येणाऱ्या मुलाचं ताट वाढताना हातातला डाव तसाच धरून बघायच्या. शेवंता दिसली की, “आली, घर बुडवायला!” आणि अण्णा दिसले की, “काय जरब आहे माणसाची!”

लोकांच्या जमिनीवर डोळा ठेवणारा तो, जिवावर उठणारा तो, माईला, म्हणजे स्वतःच्या बायकोला, जन्मभर धाकात ठेवणारा तो. आणि घरबुडवी कोण, तर शेवंता. तिसऱ्या भागात दोघंही भुतं होऊन आली. अण्णांना दरारा जिवंतपणीच होता, तिला मात्र तो मेल्यावर मिळाला. माईला तर तेवढाही नाही. मला खुपतं ते हेच.

भुतांची आपली जुनी यादी आठव. बाळंतपणात गेली ती अळवंतीण, सवाष्ण गेली ती जखीण, विधवा गेली ती लावसट. मेल्यावरही बाई ओळखायची ती नवऱ्यावरून नि कुशीवरून. विद्येचा गर्व घेऊन मेलेला ब्राह्मण ब्रह्मराक्षस होतो, त्याला लोक हात जोडतात. खवीस मात्र बहुधा मुसलमानाचा, नाहीतर गावकुसाबाहेरच्याचा. मालिकावाल्यांना ही यादी आयतीच मिळाली आहे.

२०२२ ला आलेली ‘सातव्या मुलीची सातवी मुलगी’ मी आवडीने बघायचे. नेत्राला पुढचं दिसतं, तेही जिवंतपणी, हे मला फार मोठं वाटलं. पण तिच्यासमोर विरोचक नावाची दुष्ट शक्ती म्हणून उभी केली ती रूपाली, म्हणजे पुन्हा बाईच.

काल सकाळी ओंकारेश्वराजवळच्या शिंदे पुलावर गेले होते. २०१३ साली २० ऑगस्टला सकाळी फिरायला निघालेल्या, अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना तिथेच गोळ्या घातल्या. त्याच डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. अमुक माणूस करणी करतो, मंत्राने गुरांचं दूध आटवतो असं म्हणून त्याच्यावर संशय घेणं, त्याची धिंड काढणं हा आता गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. तरी नंदुरबारकडे सातपुड्यात बायकांना डाकीण ठरवून मारहाण होते, गावाबाहेर काढतात. अनेकदा ती एकटी असते, विधवा असते, आणि तिच्या नावावरच्या जमिनीवर भाऊबंदांचा डोळा असतो.

मालिका बघून कुणी डाकीण ठरवायला निघतं असं मी म्हणत नाही. पण बाईच्या हाती ताकद आली की ती घातच करणार, हे रोज रात्री जेवताना बघितलं की काकूंसारख्या मायाळू बाईच्या तोंडूनही ‘घर बुडवायला’ सहज निघतं. त्यांच्या स्वतःच्या सासूने त्यांना तेच ऐकवलं होतं गं, त्यांनीच मला सांगितलंय.

एक काम कर. तुझी आजी व्हाळाकडच्या लावसटीची गोष्ट सांगायची ना, तिला विचार, ती बाई जिवंतपणी कुणाच्या घरची होती? नवरा गेल्यावर तिच्या वाट्याची जमीन कुणाकडे गेली? मी गणपतीत येतेच आहे, तोवर आजीला बोलतं करून ठेव.

तुझी,
सुजाता