आबा, तुमच्या यादीतल्या सगळ्या ओळी खोडून झाल्या

तीर्थस्वरूप आबांना,
शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, जेवलास का?" म्हणून विषय मोडता. त्यामुळे हे पत्र, आणि तेही चारचौघांत. आपल्या ह्यूस्टनच्या मंडळींत आफ्रिकेत शिकारीला जाऊन आलेले तुम्ही एकटे होता, आता मी दुसरा. तिसरा कुणी मनात मांडे खात बसला असेल तर त्याच्याही हे कामी येईल.

आठवतंय ना, गेल्या दिवाळीत फराळाला आलो होतो. जुलैत नामिबियाला जायचं ठरवलंय, आगाऊ रक्कम भरलीय, आणि आता .३७५ ची नवी दांडगी रायफल बघतोय, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तुम्ही चकली खाली ठेवलीत आणि विचारलंत, "बुटाचं काय?" मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहिलेली यादी माझ्या हातात. बावीस ओळी. त्यात बंदुकीवर एकच: "आहे ती बास."

तेव्हा जरा राग आला होता, खोटं कशाला बोलू. मग तुम्ही हिशेब दाखवलात. नामिबियात काडतुसाची ताकद ज्यूलमध्ये मोजतात आणि तसा नियमच आहे: स्प्रिंगबॉकसारख्या लहान हरणाला किमान १३५०, कुडू, गेम्सबॉक, हार्टबीस्ट या मोठ्या हरणांना २७००, हत्ती-रानरेड्याला ५४००. माझी जुनी थर्टी-ऑट-सिक्स रायफल नळीच्या तोंडाशी ३८०० च्या आसपास देते. "हत्ती मारायचाय का तुला? न्हाई ना? मग रायफलीचं पैसं गोळ्यांत घाल, आणि त्या गोळ्या पुठ्ठ्यावर घाल." मी घातल्या. सगळे पैसे पुठ्ठ्यातच गेले म्हणा ना.

कागदांचं आधी सांगतो, कारण तिथेच मी आपटणार होतो. फॉर्म ४४५७, म्हणजे बंदूक इथूनच नेली याची अमेरिकी कस्टम्सची नोंद, हे प्रकरण मी विमानतळावर उरकणार होतो. तुम्ही म्हणालात, महिनाभर आधी जा, बंदूक रिकामी आणि कुलूपबंद पेटीत ने, आणि रायफलीबरोबर तिच्यावरच्या स्कोपचा, नेम धरायच्या दुर्बिणीचा, नंबरही लिही. गेलो. कस्टम्सचा अधिकारी नळीवरचा नंबर वाचतोय, मी फॉर्मवरचा वाचतोय, आणि दोन्ही जुळेनात. ८ च्या जागी मी इंग्रजी बी लिहून बसलो होतो! फॉर्म फुकट असतो, दुसरा भरला, शिक्का मिळाला. हेच नामिबियात उतरल्यावर विंडहुकला पोलिसांच्या टेबलापुढे झालं असतं तर? तिथे त्याच कागदावरून तात्पुरता परवाना लिहून देतात. एक बाई शांतपणे एकेक आकडा बोटाने लावत होत्या. दहा मिनिटांत मोकळा झालो आणि मनातल्या मनात तुम्हाला हात जोडले.

तिकिटाचंही तसंच. जोहान्सबर्गमार्गे दोन वेगळी तिकिटं काढली तर दोनेकशे डॉलर वाचत होते. तुम्ही नुसतं "एसएपीएस ५२०" म्हणालात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिलात. तिकीट तुटलं की सामान तिथे ताब्यात घ्यावं लागतं, म्हणजे बंदूक दक्षिण आफ्रिकेत उतरली, म्हणजे तिथल्या पोलिसांचा हा वेगळा फॉर्म, काळ्या शाईत, सही अधिकाऱ्यासमोर. त्यापेक्षा फ्रँकफुर्टमार्गे एकाच तिकिटावर गेलो, पेटी इथे दिली ती थेट विंडहुकला दिसली. रायफलीचा बोल्ट काढून ठेवलेला, पेटीची चावी माझ्या गळ्यात, काडतुसं ५ किलोच्या आत, वेगळ्या कुलूपबंद डब्यात. काडतुसांच्या बुडावर कोरलेला बोअर, म्हणजे गोळीचं माप, रायफलवरच्याशी जुळतो का, ही तुमची अकरावी ओळ. एवढं कोण बघतं, असं मला वाटलं होतं. त्या बाईंनी बघितलं.

आता काठ्या, रानात उभ्याने नेम धरताना बंदूक टेकवायच्या.

पाच महिने दर शनिवारी तुम्ही मला रेंजवर नेलंत आणि एकदाही बाकावर बसू दिलं नाहीत. शेजारी लोक वाळूच्या पिशव्यांवर बंदूक टेकवून नाण्याएवढ्या ठिपक्यात गोळ्या घालतायत, आणि मी तीन पायांच्या काठीवर बंदूक ठेवून उभा, वाऱ्यावरच्या उसासारखा डुलतोय. १०० यार्डांवर कागदी ताटली. पहिल्या शनिवारी पाचांतल्या दोन लागल्या. तुम्ही हसला नाहीत, तेच जास्त लागलं. मग तुमचा तो छळ: गाडीपर्यंत पळत जा, पळत ये, काठी लाव, आठ सेकंदांत गोळी. छाती धडधडतेय, स्कोपमधली फुली ताटलीच्या बाहेर नाचतेय. "फुली नाचाय लागली की बोट बाहेर. चापावर ठेवायचंच न्हाई. जनावर गेलं तर गेलं, पैसं त्याचं लागत न्हाईत. जखमी हून गेलं तर लागतात, आणि झोपबी लागत न्हाई." मे महिन्यात पाचांपैकी पाच लागल्या, तेव्हा तुम्ही गाडीतून ताकाची बाटली काढून दिलीत. तेवढंच बक्षीस.

आणि खांदा. टेक्सासच्या हरणांवर शिकलेल्या माणसाची सवय असते खांद्याच्या मागे गोळी घालायची. आफ्रिकेतल्या जनावरांचं हृदय खाली आणि पुढे, दोन खांद्यांच्या मधोमध. मागे घातली तर पोटात जाते. पुढच्या पायाच्या रेषेत सरळ वर, छातीच्या खालच्या एक तृतीयांशावर. ही रेष माझ्या डोक्यात बसावी म्हणून फेब्रुवारीत तुम्ही मला दक्षिण टेक्सासात नीलगायीवर नेलंत. आपली नीलगाय, गेल्या शतकात किंग रँचवाल्यांनी आणून सोडलेली, आता तिथल्या रानात हजारोंनी. अंगाने कुडूच्या जवळपास, चिवट तितकीच. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "इतक्या लांब जाऊन तुम्हाला आपलीच गाय सापडली?" १९७२ च्या कायद्यानंतर आपल्याकडे शिकार संपली ते बरंच झालं, असं तिचं मत आहे आणि तुमचंही. तुम्हीच मला सांगितलंत की तुमच्या आजोबांची बंदूक त्यानंतर भिंतीवरून उतरलीच नाही, फक्त दसऱ्याला पूजेला.

इतकं शिकवूनही मी चुकलो. तिसऱ्या दिवशी ओट्जिवारोंगोच्या पूर्वेला, वॉटरबर्गचा लांबलचक तांबडा कडा समोर दिसत होता, आणि १४० मीटरवर एकटा गेम्सबॉक आडवा उभा. तोंडावर काळे पट्टे, शिंगं भाल्यांसारखी सरळ. काठी लागली, फुली स्थिर, बोट आत. गोळी सुटली आणि त्याच क्षणी मला कळलं की चार बोटं मागे गेली. जुनी सवय. जनावर कुबड काढून झुडपात गेलं. शिकारी-मार्गदर्शक काही बोलला नाही, घड्याळ बघून पाणी प्यायला. वीस मिनिटं थांबलो. मग माग काढणारा पुढे. दमारा समाजातला, पन्नाशीचा माणूस, बोलताना जिभेने टाळूवर टिचक्या मारतो तशी भाषा. वाळलेल्या गवतावर त्याने एक थेंब दाखवला, कुंकवाच्या टिकलीपेक्षा लहान. मग पुढे चाळीस पावलं काहीच नाही, मग दगडावर एक पुसट रेघ. दोन तास. उभ्या दोन तासांत मी एक शब्द बोललो नाही. सापडला तेव्हा तो उभा होता, डोकं खाली, शिंगं आमच्याकडे. दुसरी गोळी जिथे तुम्ही सांगितली तिथे गेली.

ही गोष्ट मी तुम्हाला फोनवर सांगितली नव्हती. आता सांगितली.

पण पाचव्या दिवशीचा कुडू मी सोडला, हेही लिहितो. शिंगांना अडीच पीळ, मान अशी की बघत राहावं. १८० मीटर, मध्ये फांदी, आणि आम्ही चढावरून धापा टाकत आलेलो. फुली नाचायला लागली. बोट बाहेर. मार्गदर्शकाने कुजबुजून विचारलं, काय झालं? मी मान हलवली. कुडू दोन ढांगांत नाहीसा झाला. संध्याकाळी तो मार्गदर्शक पहिल्यांदा माझ्याशी मोकळेपणी बोलला, त्याच्या बापाबद्दल, दुष्काळाबद्दल. मी त्याला काठ्यांबद्दल आणि तुमच्याबद्दल सांगितलं.

बाकीच्या ओळी भराभर सांगतो. तीन जोड कपडे पुरतात, रोज धुऊन देतात: खरं. वेल्क्रोचे खिसे नकोत, फर्रकन वाजतात: खरं, दुसऱ्या एका पाहुण्याचे वाजले आणि हार्टबीस्टचा कळप धुरळा उडवत गेला. फौजी नक्षीचा शर्ट घरी ठेव, झिंबाब्वे-झांबियात तो घालणं गुन्हा आहे आणि कुठेही गेलं तरी खाकीच बरी: ठेवला. जुलैत उघड्या गाडीत पहाटे बोटं गोठतात, लोकरीची टोपी ने. आफ्रिकेत लोकरीची टोपी म्हटल्यावर माझी बायको हसली होती. पहिल्या पहाटे मी ती कानाखाली ओढली. बूट सहा महिने घालून मी किराणा आणला, लॉन कापलं, एकदा चुकून ऑफिसातही गेलो. एक फोड नाही. तिथलं एक काटेरी झुडूप बोरीची चुलत बहीण आहे, एक काटा सरळ, एक वाकडा, आणि आफ्रिकान्स भाषेत तिचं नाव "जरा थांब" अशा अर्थाचं. बाही धरली की खरंच थांबावं लागतं.

तेरावी ओळ मला शेवटपर्यंत कळली नव्हती: "गीझरचा प्लग." तुम्ही कोल्हापूरहून आणलेला जाड तीन गोल पिनांचा प्लग पिशवीत टाकला होतात. शेतावरच्या खोलीत भिंतीकडे बघितलं तर आपल्याकडच्या गीझरचंच सॉकेट! दुकानातून आणलेलं माझं जगभर चालणारं महागडं यंत्र तिथे चाललं नाही.

एका ओळीवर आपलं भांडण झालं होतं, शिंगं आणि कातडी घरी आणायची की नाही. तुम्ही म्हणालात, भिंत मोजायच्या आधी बिल माग: तिथलं उकळणं, खारवणं, औषधात बुडवणं, खोका, विमान, इथला दलाल, वन्यजीव खात्याचा ३-१७७ फॉर्म. मागितलं. बेरीज बघून गप्प झालो. शेवटी फक्त गेम्सबॉकची कवटी शिंगांसह यायची आहे, काही महिने लागतील. कातडी तिथेच दिली. तो दोन तासांचा माग मला भिंतीवर हवाय, बाकी काही नको.

मांस तर आणता येत नाहीच. सगळं शेतावर राहतं, कामगारांच्या घरी जातं, उरलेलं वाळवून बिल्टाँग. इथे तुमची शेवटून दुसरी ओळ कामी आली: "कांदा-लसूण मसाला, पाव किलो, सीलबंद." शेवटच्या रात्री मी स्वयंपाकघर मागून घेतलं. सुकं खोबरं मिळालं नाही, तीळ मिळाले. गेम्सबॉकचा तांबडा रस्सा! घरमालकीण जर्मन वळणाची, पहिल्या घोटाला डोळ्यांत पाणी, दुसऱ्याला वाटी पुढे. माग काढणाऱ्या काकांनी तीन वाट्या घेतल्या आणि टिचक्या मारत काहीतरी म्हणाले. अर्थ विचारला तर मार्गदर्शक म्हणाला, "विचारतोय, तुमच्या गावात काय पिकतं?"

मग मी त्यांना गाव सांगितलं. सांगितलं की आमच्या छत्रपतींकडे चित्ते होते, हरणांवर सोडायला, त्यांना सांभाळणारे चित्तेवान होते, आणि आमच्याकडचे चित्ते संपत आले तेव्हा कोल्हापूरने आफ्रिकेतून चित्ते मागवले. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं बघत लहानपणी माझे रविवार गेले. घरमालकीण एकदम म्हणाली, मग २०२२ मध्ये आमचे आठ गेले ते तुमच्याकडे? कुनोला, म्हटलं, मध्य प्रदेशात. चित्त्यांचं ते मोठं संवर्धन केंद्र त्यांच्या शेतापासून तासाभरावर आहे. त्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही, रस्सा संपेपर्यंत.

वैद्यकीय विमानाचा विमा वापरावा लागला नाही, त्याचे पैसे फुकट गेले म्हणून कुरकुरणार होतो, पण तुमच्यासमोर नाही.

परतताना बूट धुतले, ब्रशने, तळव्याच्या खाचांतून सुद्धा, आणि विमानतळावर शेतावर होतो असं आपणहून सांगितलं. बाविसावी ओळ खोडली. तुमची दुर्बीण रविवारी घेऊन येतो. तिच्या पट्ट्याच्या शिवणीत वॉटरबर्गची तांबडी माती अजून आहे. ती तेवढी धुवायची राहिली. काढू की राहू दे, ते कळवा.

काकूंना नमस्कार.

तुमचाच,
रंकाळ्याकडचा पोरगा