पावती आहे, नोंद नाही

पुणे, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

गणपतीत तू आलास तेव्हा मी भेटायचं टाळलं आणि नंतरचे तुझे दोन मेसेज नुसते वाचून ठेवले. राग होता, कबूल करतो. तब्येत ठीक आहे, आईचा गुडघा आहे तसाच आहे. आता मुद्द्याचं. घरी कुणाला सांगून समजणार नाही, आणि ऑफिसात सांगावं तर 'झालं ना दुरुस्त?' एवढंच विचारतात.

दूध संकलनाचं ॲप मी फ्लास्क या पायथन फ्रेमवर्कवरून फास्टएपीआय या दुसऱ्या फ्रेमवर्कवर आणलं, त्यात कंटेनर (लागणाऱ्या वस्तू तयार करून हव्या तिथे पुरवणारा भाग) घातला, आणि त्यावरूनच आपलं वाजलं. गेल्या महिन्यात एका केंद्राच्या सचिवांचा फोन आला. एक आजी दहा दिवसांच्या वीस पावत्या पदराला बांधून आल्यात, आणि बिलात अठराच धरल्यात. मी म्हटलं मोजण्यात चूक असेल. त्यांनी फोटो पाठवला. म्हैस, सकाळ, ४.५ लिटर, फॅट ६.८. घडीवर शाई उडालेली, पण पावती आमचीच. डेटाबेसमध्ये ती ओळ नाही. लॉगमध्ये त्या वेळेला व्यवस्थित २००, म्हणजे 'काम झालं'. बाळ्या, एरर आली असती तर मी शांत झोपलो असतो.

तीन रात्री गेल्या. मग सापडलं ते कंटेनरच्या एका ओळीत. डेटाबेसचं सेशन, म्हणजे डेटाबेसशी एका कामापुरतं चालणारं बोलणं, मी सिंगलटन म्हणून, म्हणजे सगळ्या ॲपला मिळून एकच, नोंदवलं होतं. जुन्या ॲपमध्ये सेशन थ्रेडप्रमाणे (समांतर चालणाऱ्या प्रत्येक धाग्याला) वेगळं मिळायचं, त्यामुळे एक नाव सगळीकडे वापरलं तरी निभावून जायचं. असिंकमध्ये, म्हणजे नव्या ॲपच्या पद्धतीत, थ्रेड एकच. जिथे अवेट लागतो तिथे एक रिक्वेस्ट थांबते आणि दुसरी पुढे सरकते. आजींची नोंद फ्लश झाली, म्हणजे इन्सर्ट डेटाबेसकडे गेला, आणि कमिटच्या (नोंद पक्की करण्याच्या) आधी माझा कोड एसएमएसच्या उत्तराची वाट बघत थांबला. तेवढ्यात दुसऱ्या केंद्रावर कुणीतरी सेव्ह दोनदा दाबलं. तीच नोंद पुन्हा आली म्हणून युनिकची (एकच नोंद दोनदा नको, या नियमाची) एरर, म्हणून रोलबॅक, म्हणजे पक्कं न झालेलं सगळं रद्द. सेशन एकच, ट्रान्झॅक्शन एकच, त्यामुळे आजींचं दूधही त्यातच वाहून गेलं. मग आजींची रिक्वेस्ट जागी झाली, तिने कमिट केलं, कमिट करायला काही उरलेलंच नव्हतं, म्हणून तक्रारही नाही. पावती छापून बाहेर.

टेस्ट सगळ्या हिरव्या होत्या, कारण टेस्टमध्ये एका वेळी एकच रिक्वेस्ट जायची.

मेस आठवते? पातेलं सगळ्यांचं एक, ताट ज्याचं त्याचं. इंजिन, म्हणजे डेटाबेसची कनेक्शन सांभाळणारा भाग, हे पातेलं, ते ॲप उघडताना एकदा करायचं आणि बंद होताना आवरायचं. सेशन म्हणजे ताट. मी सगळ्या केंद्रांना एका ताटात बसवलं होतं, आणि मेसमधला आपला लंबू रागावून ताट सरकवायचा ते तर तुला ठाऊकच आहे. मावशी त्याला 'जहागीरदार' म्हणायच्या, त्या दिवशी डाळ तुझ्या शर्टावर गेली होती.

टिळक रोडवर तू म्हणाला होतास, 'पायथनला कंटेनर कशाला, फंक्शनला आर्ग्युमेंट दे ना.' ते मला आजही पटत नाही. एसएमएसवाला खोटा लावून पूर्ण ॲप टेस्ट करता येतं ते कंटेनरमुळेच. पण त्याच चहावर तू आणखी एक विचारलं होतंस: 'वस्तू तयार कोण करतं ते सांगतोस, संपवतं कोण?' मी विषय बदलला होता. तो प्रश्न बरोबर होता. माझ्याकडे सेशन कधी संपत नव्हतंच.

आता मी डिश्का हा कंटेनर लावलाय. इंजिन ॲप स्कोपमध्ये (ॲप चालू असेपर्यंत), सेशन रिक्वेस्ट स्कोपमध्ये (एका रिक्वेस्टपुरतं), यील्डच्या, म्हणजे वस्तू वापरायला देणाऱ्या ओळीच्या, आधी उघडायचं, नंतर बंद. बदल केला त्याच आठवड्यात सकाळी साडेसहाला सगळं ठप्प! पूलची (डेटाबेसच्या तयार कनेक्शनच्या साठ्याची) मर्यादा ५, वर १० जादा, म्हणजे १५ कनेक्शन. सोळाव्याने ३० सेकंद थांबायचं आणि मग एरर. एसएमएसची वाट बघताना प्रत्येक रिक्वेस्ट कनेक्शन धरून बसलेली. आधी एकच सेशन असल्यामुळे हे झाकलं गेलं होतं. आता कमिट आधी, एसएमएस नंतर.

गेलेल्या नोंदी सचिवांच्या वह्यांमधून भरून काढल्या. ते अजून हाताने वही लिहितात. आमच्या ट्रेनिंगमध्ये मीच त्यांना सांगितलं होतं, आता वही बंद करा. त्यांनी ऐकलं नाही म्हणून सत्तेचाळीस नोंदी परत आल्या. आजींचे पैसे पुढच्या बिलात जमा झाले. मी स्वतः जाऊन आलो. त्यांनी चहा दिला आणि विचारलं, मशीन चुकलं का माणूस? माणूस, म्हटलं.

वहिनींच्या नोकरीचं ऐकून फार बरं वाटलं. काकांच्या मोतीबिंदूचं काय झालं? घराचा ताबा मिळाला का? सगळं सविस्तर लिही.

आता ज्यासाठी लिहितोय ते. दर दहा दिवसांनी रात्री सगळ्या केंद्रांची बिलं निघतात. मी टास्कग्रुप (एकत्र चालणाऱ्या कामांचा गट) करून प्रत्येक केंद्राला एक टास्क देतो. सेशन कॉन्टेक्स्टव्हारमध्ये (टास्कागणिक वेगळी किंमत ठेवता येणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) ठेवलं की टास्कागणिक वेगळं होईल असं आमच्या टीममधला मुलगा म्हणतो. पण टास्क तयार होताना कॉन्टेक्स्टची (त्या सगळ्या किमतींची) नक्कल होते, आतलं सेशन तेच राहतं ना? म्हणजे पुन्हा एक ताट. मला वाटतं प्रत्येक टास्कने कंटेनरमधून आपला रिक्वेस्ट स्कोप स्वतः उघडावा, आणि पूल पुरावा म्हणून एका वेळी आठच टास्क सेमाफोरने सोडावेत. अर्धवट बिल पडलं तर ते केंद्र पुन्हा चालवता यायला हवं, बाकीच्यांना धक्का न लागता. कोड सोबत पाठवतोय, एकशे दहा ओळी आहेत. संपवतं कोण, हे तू प्रत्येक ओळीला विचार. बिलाची रात्र गुरुवारी आहे, बुधवारपर्यंत फोन कर, कितीही वाजता.

तुझाच,
पंत