माईचं खापर मी नेलं

अमळनेर,
आखाजीनंतरचा (अक्षय्य तृतीयेनंतरचा) चौथा दिवस

प्रिय भो, भावा,

आधी कबुली देतो, खुशाली नंतर. तुला न विचारता तुझं बंद घर उघडलं आणि माळ्यावरचं तुझ्या माईचं खापर, आपलं पुरणपोळ्या भाजायचं मातीचं भांडं, घेऊन आलो. किल्ली समोरच्या काकूंनी दिली. मी तुला फोन केला असेल असं त्यांना वाटलं, आणि मी ते वाटू दिलं.

झालं असं, की आखाजीच्या आदल्या संध्याकाळी चूल पेटते का ते बघायला आईने आमचं खापर चढवलं होतं. ते चांगलं तापलेलं असताना भाच्याने धूळ दिसली म्हणून ओलं फडकं फिरवलं. टक्क आवाज झाला आणि दोन तुकडे. आई काहीच बोलली नाही, त्यामुळे जास्त लागलं. बाजारात नवं मिळालं असतं, पण नवं खापर पहिल्या दिवशी धड पोळी सोडत नाही, हे तुलाही माहीत आहे. आणि इकडे दोन किलो हरभऱ्याची डाळ भिजत पडलेली. मग मला तुमचा माळा आठवला.

गोणपाट सोडलं तर कडेचा टवका तसाच. तुझ्या चेंडूने उडालेला. माई तो नेहमी चुलीच्या मागच्या बाजूला ठेवायची, आजीला दिसू नये म्हणून. आईनेही आखाजीला खापर चुलीवर पालथं घातलं तेव्हा हातांनी फिरवून टवका मागे नेला. मी तिला काही सांगितलं नव्हतं. म्हणजे तिला आधीपासून माहीत होतं!

पोळ्यांचं मात्र ऐक. आईचा खांदा हिवाळ्यापासून धरलाय, हात वर होत नाही. दरवर्षी तू सोडून आम्ही पुरुष मंडळी जेवायची हाक येईपर्यंत निंबाखाली पत्ते कुटत बसायचो. या वेळी मामीने येऊन पत्तेच उचलून नेले. म्हणाली, "चला, कोन्हा हात मोकळा शे?" सगळ्यांचेच होते.

गहू आईने आधीच भिजवून, वाळवून, दळून आणले होते. पीठ वस्त्राने गाळायचं काम दोघी भाच्यांनी केलं. अर्ध्याहून जास्त त्यांच्या केसांत गेलं. कणीक तिंबायला मला बसवलं. अरे, मी समजत होतो तिंबणं म्हणजे मळणं. तसं नाही. पाण्याचा हात लावायचा, उचलायची, परातीत आपटायची, ओढायची, पुन्हा आपटायची. पाऊण तासाने ती रबरासारखी लांब जायला लागली. तरी आई म्हणे, "अजून तुटते." पिठातला चिकटपणा असा ओढून-ओढूनच जागा होतो. मग कणीक दोन तास झाकून ठेवायची, नाहीतर हातावर घेतल्यावर आखडते. ते दोन तास मी शब्दशः आडवा होतो.

पोळी हातावर फिरवायला धाकटी काकू. पुरण भरलेला गोळा पिठीवर थोडा लाटला, हातांवर घेतला, आणि या मनगटावरून त्या मनगटावर टाकत टाकत कोपरापर्यंत आणला. पुरण आतून दिसायला लागलं तरी फाटली नाही. मग मी केली. माझी पहिली पोळी खापरावर पडली ती अर्धी. उरलेली माझ्या कोपरावर. दुसरी चुलीत. तिसरी भाच्याने 'महाराष्ट्राचा नकाशा' म्हणून खाल्ली. एकट्याने हे काम होतच नाही रे. एक जण गोळे भरायला, एक फिरवायला, एक नुसता चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या सारायला हवा, कारण जाळ जरा जास्त झाला की कडा करपतात आणि मधलं कच्चं राहतं. पूर्वी जाळाला तू असायचास. या वेळी दादा बसला. त्याला जाळ कळत नाही, फक्त धूर कळतो.

उन्हाचं काय सांगू, पारा चव्वेचाळीसच्या वर होता आणि आम्ही चुलीपुढे. तरी शेवटच्या दहा-बारा पोळ्या माझ्या होत्या, मांड्यासारख्या पातळ नव्हे, पण गोल. आमरसाबरोबर कोणी तक्रार केली नाही. आईने एक उचलली, उजेडाकडे धरली, घडी करून ताटात ठेवली. पहिली पितरांच्या नावाने भरलेल्या घागरीपुढे नैवेद्याला गेली ती अर्थातच काकूची. माझ्या पोळीवर पितर आले नसते.

घागर भरताना आईने वडिलांचं नाव घेतलं, आणि मग माईचंही. मी चुलीपाशी होतो, मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांनाच गोड नको झालं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर तेल, लसणाचा ठेचा. ती भाकरी मी थापली. तिचे हाल सांगत नाही.

काकूंना किल्ली परत केली आहे. खापर गार झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसून त्याच गोणपाटात बांधलं आहे, टवका वर ठेवून. पण तुमच्या माळ्यावर नाही, आमच्या फडताळात. रागावला असशील तर सुरतेच्या गाडीने ये आणि घेऊन जा. फक्त आखाजीच्या आदल्या दिवशी ये, जाळाला माणूस नाही.

तुझाच,
भो