गुणवत्तेआधी घराचा पत्ता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकी विद्यापीठांतील प्रवेशांविषयीचा आपल्या अंकातील लेख वाचला. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत, काळ्या व इतर अल्पसंख्य विद्यार्थ्यांना संधी मिळावी म्हणून प्रवेश देताना वंश पाहणे घटनाबाह्य ठरवले, तेव्हा ‘आता आपल्या मुलांना न्याय मिळेल’ असे इथल्या अनेक मराठी घरांतून ऐकले होते. लेखाचा सूरही तोच आहे. मी पंचवीस वर्षे न्यू जर्सीत राहते, दोन्ही मुले इथल्याच सरकारी शाळांत शिकली, म्हणून लिहिते आहे.

हार्वर्डमध्ये आशियाई अर्जदारांना ‘व्यक्तिमत्त्वा’चे गुण सरासरीने गोऱ्यांपेक्षा कमी पडत होते, हे खटल्यात समोर आले. ती सल खरी आहे. पण गुणवत्तेची गोष्ट सांगायची तर ती हार्वर्डच्या कितीतरी आधीपासून सांगावी लागते.

आम्ही घर घेतले तेव्हा आधी ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’, म्हणजे त्या पत्त्यावरच्या मुलांना कोणत्या सरकारी शाळा मिळतात ते पाहिले, स्वयंपाकघर नंतर. माझ्या ओळखीच्या प्रत्येक मराठी कुटुंबाने हेच केले आहे. दर तीन महिन्यांनी आम्ही जो प्रॉपर्टी टॅक्स भरतो, त्यातला निम्म्याच्या आसपास पैसा शाळांना जातो. जिथे घरे महाग तिथे शाळेला पैसा सहज उभा राहतो. जिथे घरे स्वस्त तिथे कराचा दर चढवूनही पुरत नाही. टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोच्या एजवुड भागातले मेक्सिकन वंशाचे पालक हेच गाऱ्हाणे घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७३ साली ५ विरुद्ध ४ मतांनी हरले. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटच्या खटल्यात, शहरातल्या वांशिक विभागणीवर उपाय म्हणून उपनगरांच्या शाळांना त्यात ओढता येणार नाही, असे ठरले; तेही ५ विरुद्ध ४. काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन निकालाने शाळेच्या दारातून जी भिंत पाडली, ती या दोन निकालांनंतर गावाच्या वेशीवर शाबूत राहिली. आमच्या राज्यात ॲबट खटल्यामुळे नेवार्क, कॅमडेनसारख्या गरीब शहरांच्या शाळांना राज्याचा जादा निधी मिळू लागला, हा मोठा दिलासा. मुले मात्र वेगवेगळ्याच वर्गांत वाढतात. माझ्या मुलाच्या शाळेच्या बारा वर्षांत त्याच्या वर्गात आलेली काळी मुले एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

या वस्त्या आपोआप वेगळ्या झाल्या नाहीत. १९३० च्या दशकात एका सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. काळ्यांच्या वस्त्या लाल, म्हणजे कर्ज द्यायला धोक्याच्या. सरकारी हमीच्या कर्जावर गोऱ्यांची आख्खी पिढी घरमालक झाली, आणि काळ्यांना ते कर्ज बहुतेक मिळालेच नाही. वंशावरून घर नाकारणे बेकायदा ठरले ते १९६८ साली. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबांची मध्यक संपत्ती २,८५,००० डॉलर आहे, काळ्या कुटुंबांची ४४,९००. जात आणि वंश एक नव्हेत, हे मला कळते. तरी तो लाल रंग पाहिला की गावकुसाबाहेरची वस्ती आठवल्याशिवाय राहत नाही.

आम्ही मात्र ‘दोन बॅगा घेऊन आलो, सगळे स्वतःच्या हिमतीवर केले’ असे सांगतो. मेहनत केली, त्यात खोटे नाही. पण त्या बॅगेत नाममात्र फीमध्ये मिळालेली सरकारी कॉलेजची इंजिनीअरिंगची पदवी होती आणि व्हिसा त्या पदवीवर मिळाला होता. १९६५ च्या स्थलांतर कायद्याआधी भारतीयांचा कोटा वर्षाला १०० माणसांचा होता. तो कायदा झाला तो काळ्यांच्या नागरी हक्कांच्या लढ्याच्या ऐन भरात. आमच्यासाठी दार उघडले त्यात त्यांच्या मारझोडीचा, तुरुंगवासाचा वाटा आहे, हे माझ्या मुलांना मी कधी सांगितले नव्हते.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून त्यांना जे नाते दिसले, ते आम्हाला इथे राहूनही दिसू नये याचे मला वाईट वाटते. काळ्यांच्या वस्तीतून जाताना आम्ही गाडीची दारे लॉक करतो आणि ‘त्यांना शिकायचेच नसते’ असे मुलांदेखत बोलतो. मीही बोलले आहे.

हार्वर्डच्या निकालानंतर २०२४ साली एमआयटीच्या पहिल्या वर्षात काळ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. आधी ते १३ टक्क्यांच्या आसपास असे. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना अनेक खासगी विद्यापीठांत मिळणाऱ्या झुकत्या मापाला मात्र या निकालाने हात लावला नाही. आपल्या लेखात या दोन्ही गोष्टी नव्हत्या. पुढच्या वेळी या विषयावर लिहाल तेव्हा हार्वर्डबरोबर एजवुड आणि डेट्रॉइटच्या निकालांवरही लिहावे, ही विनंती. आपल्याकडची हजारो मुले दरवर्षी इकडे येतात. घर बघायला निघण्याआधी त्यांनी ते वाचलेले असावे.

आपली नम्र,
एक वाचक, न्यू जर्सी